माहिती घेऊन सांगतो

(जुन्नर येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



जुन्नर-आंबेगावकडे येणाऱ्या कोणत्याही दैनिकाचे तालुक्याचे पान उघडा. नगरपरिषदेविषयीची बातमी असेल, तर तिचा शेवट बहुधा तीनपैकी एका वाक्याने झालेला दिसेल. 'याबाबत माहिती घेऊन योग्य ती कार्यवाही करण्यात येईल', 'काम प्रगतिपथावर असून लवकरच पूर्ण होईल', नाहीतर 'मुख्याधिकाऱ्यांशी संपर्क साधला असता तो होऊ शकला नाही'. बातमी पाण्याची असो, कचऱ्याची असो, की शिवजयंतीला शिवनेरीच्या पायथ्याशी होणाऱ्या वाहतूककोंडीची असो, शेवट ठरलेला. वाचक आता तिथवर वाचतही नसावेत. मला मात्र आज याच शेवटच्या वाक्याविषयी बोलायचे आहे. नगरपरिषदा पत्रकारांना उत्तर देत नाहीत ही नेहमीची तक्रार मला अर्धीच खरी वाटते. उत्तर मिळते, पुष्कळदा फोनवर लगेच मिळते. पण ते तोंडी असते, त्याला तारीख नसते, दफ्तरातल्या कोणत्याही कागदाशी त्याचा संबंध नसतो, आणि म्हणून उद्या ते कोणावरच बंधनकारक राहत नाही. बातमीदाराला द्यायचे उत्तर नोंदीवर उभे असले पाहिजे आणि ती नोंद प्रश्न येण्याआधीच सर्वांसाठी उघडी असली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. ऐकायला साधे वाटते. त्याला होणारा विरोध मात्र साधा नाही.

एक नमुना घेऊ. समजा, शहराच्या एका पेठेत चार दिवस नळाला पाणी आले नाही आणि बातमीदाराने नगरपरिषदेत फोन लावला. पलीकडून उत्तर आले, 'तांत्रिक बिघाड होता, दुरुस्ती सुरू आहे, उद्यापर्यंत पाणी येईल.' यात खोटे काही नसेलही. पण कसला बिघाड, कधी लक्षात आला, दुरुस्तीचा आदेश कोणत्या तारखेचा, काम कोणत्या ठेकेदाराकडे, त्याच्या करारात किती तासांत दुरुस्ती करण्याची अट आहे, तोवर टँकर कुठे फिरला, यांतले एकही अक्षर त्यात नाही. वास्तविक हे सगळे पाणीपुरवठा विभागाच्या नोंदवहीत, कार्यादेशात आणि टँकरच्या फेऱ्यांच्या तक्त्यात असायला हवे, कारण त्याशिवाय ठेकेदाराचे बिलच निघू शकत नाही. म्हणजे माहिती गोळा करायची नाही, ती टेबलावर पडलेली आहे. आता दुसरे उत्तर कल्पा: 'पंप नादुरुस्त झाल्याची नोंद अमुक तारखेला झाली, कार्यादेश अमुक दिवशी दिला, मुदत अमुक तासांची आहे, टँकरच्या एवढ्या फेऱ्या झाल्या, तक्ता सूचनाफलकावर लावला आहे.' या उत्तराने पाणी तासभरही लवकर येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी पाणी आले नाही तर बातमीदार नेमके काय विचारेल, हे ठरून गेले. पहिल्या उत्तरानंतर तो पुन्हा 'पाणी कधी येणार?' एवढेच विचारू शकतो आणि त्याला पुन्हा 'उद्या' एवढेच ऐकावे लागते.

कायदा या बाबतीत मुका आहे असे कोणी समजू नये. आपल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली चालतात. सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असावी, हेच त्या अधिनियमाचे सर्वसाधारण सूत्र आहे; दारे बंद करणे हा अपवाद. बातमीदार सभागृहात बसतो तो कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. पण सभेचे इतिवृत्त वाचायला घ्या, म्हणजे खरी अडचण कळते. विषय क्रमांक, त्याखाली दोन ओळींचा प्रस्ताव, मग 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर', सूचक अमुक, अनुमोदक अमुक. चर्चा काय झाली, कोणी काय विचारले, अधिकाऱ्यांनी कोणता आकडा दिला, याचा पत्ता नाही. आणि विषयपत्रिकेच्या तळाशी ते सुप्रसिद्ध कलम: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. ज्याची टिपणी कोणी आधी वाचलेली नाही असा विषय नेमका याच दाराने आत येतो, हे सभा पाहणाऱ्याला सांगायला नको. सभा खुली असते, पण खुल्या सभेत फक्त हात वर होतात. ठरायचे ते दालनात चहाबरोबर ठरलेले असते. अशा वेळी बातमीदाराने सभेनंतर प्रश्न विचारला, तर त्याला मिळणारे उत्तर हेच त्या निर्णयामागचे एकमेव जाहीर कारण ठरते. ते तोंडी असेल, तर त्या निर्णयामागे कारणच उरत नाही.

खुल्या सभेचा निर्णय बंद दालनात उरकण्याची ही युक्ती आपल्याकडचीच आहे असेही नाही. वेल्समध्ये टेन्बी नावाचे समुद्रकाठचे छोटे गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने स्थानिक पत्राच्या मेसन नावाच्या संपादकाला सभेत बसायला मनाई केली. प्रकरण कोर्टात गेले आणि १९०८ मध्ये निकाल नगरपालिकेच्या बाजूने लागला: सभेला हजर राहण्याचा हक्क वृत्तपत्रांना कायद्याने नाही. लगेच त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने वृत्तपत्रांना स्थानिक संस्थांच्या सभांत प्रवेश देणारा कायदा केला. मग नगरपालिकांनी काय केले? सगळ्या सभासदांची मिळून एक 'समिती' करायची आणि तिची बैठक बंद दाराआड घ्यायची. कारण कायद्यात सभा होती, समिती नव्हती. ही पळवाट पुढे अर्धशतक चालली. १९५८ च्या छपाई कामगारांच्या वादात काही नगरपालिकांनी त्या वादात सापडलेल्या पत्रांच्या बातमीदारांना बाहेर ठेवले, त्यावर गदारोळ झाला, आणि १९६० मध्ये नव्याने निवडून आलेल्या एका खासदारबाईंनी खासगी विधेयक आणून ही पळवाट बरीचशी बुजवली. त्या बाई म्हणजे मार्गारेट थॅचर. पार्लमेंटमधले त्यांचे पहिले भाषण याच विषयावर झाले. यातून आपण घ्यायचे ते एवढेच, की दार उघडण्याचा कायदा केला की निर्णय दुसऱ्या खोलीत सरकतो. म्हणून नुसते सभागृहाचे दार उघडून भागत नाही, निर्णयाचा कागदही उघडावा लागतो.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत ही गरज फार तीव्र झाली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकल्यामुळे राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती संपूनही निवडणुका झाल्या नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचा आदेश दिला आणि २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी मतदान झाले. मधल्या जवळजवळ चार वर्षांत कारभार प्रशासकांकडे होता. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच, सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोधी बाकावर कोणी नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने पाच वर्षांच्या मुदतीचा आणि वेळेवर निवडणुकांचा जो नियम घालून दिला, तो त्या काळात जणू बाजूला ठेवला गेला. त्या चार वर्षांत कररचना, ठेके, पाणी, कचरा यांविषयी खुलेपणाने प्रश्न विचारणारा माणूस गावात कोण उरला होता? एक तर माहिती अधिकाराचा अर्ज करणारा, नाहीतर बातमीदार. 'आम्ही मतदारांना बांधील आहोत, पेपरवाल्यांना नाही' असे लोकप्रतिनिधी म्हणतात, तेव्हा या चार वर्षांचा हिशेब त्यांनी ध्यानात घ्यावा. मतदाराला विचारायची संधी पाच वर्षांनी एकदा, आणि या खेपेला तर नऊ वर्षांनी, कारण पुणे जिल्ह्यातल्या नगरपरिषदांची याआधीची निवडणूक डिसेंबर २०१६ ची.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या मंचरचे उदाहरण याहून बोलके आहे. मंचर कालपरवापर्यंत ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. गाव मोठे झाले, बाजारपेठ वाढली, तेव्हा हा बदल व्हायचाच होता. पण या बदलात एक गोष्ट हातची गेली, तिची फारशी चर्चा झाली नाही. ग्रामपंचायतीत ग्रामसभा असते. कितीही गोंधळाची, कितीही कमी उपस्थितीची असली, तरी मतदारयादीत नाव असलेला कोणीही माणूस तिथे उभा राहून सरपंचाला आणि ग्रामसेवकाला जाब विचारू शकतो, आणि तो प्रश्न इतिवृत्तात लिहावा लागतो. नगरपंचायतीत असे व्यासपीठ नाही. क्षेत्रसभेची तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात आणली खरी, पण क्षेत्रसभेला जाऊन आलेला माणूस भेटणे कठीण. म्हणजे ज्या दिवशी गाव शहर झाले, त्या दिवशी नागरिकाचा विचारण्याचा हक्क घटला आणि खर्चाचे आकडे मात्र वाढले. ही पोकळी आज बातमीदार भरून काढतो. त्याला कोणी निवडून दिलेले नाही हे खरेच. पण ग्रामसभेत उठून बोलणाऱ्यालाही कोणी निवडून दिलेले नसते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो कर्मचाऱ्यांकडून येतो. जुन्नरसारखी नगरपरिषद म्हणजे २५ हजारांच्या आसपास वस्तीचे गाव, मोजके कर्मचारी, त्यात रिक्त पदे. मुख्याधिकारी आज मंत्रालयाच्या व्हीसीत, उद्या जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत. पाच दैनिके, दहा पोर्टले आणि यूट्यूबवाल्यांची रांग. उत्तरे देत बसले तर कामे कधी करायची? यावर माझे उत्तर असे की आज जी पद्धत आहे, तीच सर्वांत खर्चिक आहे. तोंडी उत्तर पाच जणांना पाच वेळा द्यावे लागते आणि पाच ठिकाणी पाच तऱ्हेने छापून येते, मग त्यावर खुलासा काढावा लागतो. समाधान न झालेला माणूस १० रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करतो. आपल्या राज्यात २०१२ पासून अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून तो एकाऐवजी चार अर्ज करतो. त्याला ३० दिवसांची मुदत, मग पहिले अपील, मग पुण्याच्या माहिती आयोगाच्या खंडपीठापुढे दुसरे अपील. आणि प्रत्येक पायरीवर तोच लिपिक तीच फाईल घेऊन उभा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने हे आधीच ओळखले होते. महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यांमागची सर्व संबद्ध तथ्ये आपणहून प्रसिद्ध करा, ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना कारणे द्या, आणि लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी असा प्रयत्न सतत करा, असे ते कलम सांगते. प्रसिद्ध करायच्या बाबींच्या यादीत सभा जनतेस खुल्या आहेत की नाहीत आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात की नाही, हेही सांगावे लागते. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी नागरिकांना फायली पाहू देण्याचा प्रघात पडला, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने सोमवारी दुपारी ३ ते ५ अशी अभिलेख-पाहणीची वेळ इतर कार्यालयांसाठीही परिपत्रकाने ठरवून दिली. दोन तास, आठवड्यातून एकदा. त्यासाठी नवे पद लागत नाही, खुर्ची लागते.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो, पण तोच सगळ्यांच्या मनात असतो. ओळखपत्र गळ्यात अडकवून फिरणाऱ्यांत काही जण बातमीसाठी येतच नाहीत, ते तोडपाणीसाठी येतात. एखाद्या बांधकामाचा कागद मिळवायचा आणि बातमी न छापण्याचा भाव करायचा. हे घडत नाही असे म्हणणारा या धंद्याशी प्रामाणिक नाही. पण हा व्यवहार कशाच्या जोरावर चालतो ते पाहा. कागद एकाच्या हाती आहे आणि बाकीच्यांना तो दिसत नाही, यातच त्याची किंमत आहे. बांधकाम परवानगी, कार्यादेश, देयके फलकावर किंवा संकेतस्थळावर सर्वांसमोर असतील, तर ती दडवण्याचे पैसे कोण देईल? खंडणीखोर बातमीदाराची भीती घालून कागद बंद ठेवणारे कार्यालय त्याच बातमीदाराचा धंदा चालू ठेवते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. छोट्या पत्रांचा बराच गाडा जाहीर निविदा सूचना आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर चालतो. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याकडूनच उत्तर मागायचे, ही अडचण पत्रकाराची आहे, आणि कारभाऱ्यांना ती नीट ठाऊक असते.

तिसरा आक्षेप नियमाचा. वर्तणूक नियमांमुळे आम्हाला पत्रकारांशी बोलता येत नाही, असे अधिकारी सांगतात. मुख्याधिकारी हे राज्यसेवेतले पद, त्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत हे बरोबर. पण त्या नियमांचा रोख शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करणे आणि गोपनीय माहिती फोडणे यांवर आहे. कर्तव्याचा भाग म्हणून टँकरच्या फेऱ्या किती झाल्या हे सांगणे त्यात येत नाही. याच्या उलट, नगरपरिषदेची बदनामी झाली म्हणून अब्रूनुकसानीच्या नोटिसा पाठवण्याची हौस अनेकांना असते. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा आर. राजगोपाल खटल्यातला निकाल वाचावा. शासन, स्थानिक प्राधिकरणे आणि शासकीय सत्ता वापरणाऱ्या संस्था यांना आपल्या बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा चालवता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. व्यक्तीला अब्रू आहे, कार्यालयाला दफ्तर आहे. बातमी चुकीची असेल तर दफ्तर काढून दाखवावे.

चौथा आक्षेप असा की अर्धवट माहितीने घबराट पसरते. याचे उत्तर मी नगरपरिषदेबाहेरच्या, पण आपल्या सर्वांच्या ओळखीच्या विषयातून देतो. जुन्नर वनविभागात बिबट्याचा हल्ला झाला की पत्रकारांचे दोन प्रश्न ठरलेले: पिंजरा लावला का? बिबट्या पकडला का? २००१ च्या सुमारास वनखात्याने याला मोठे ठोस उत्तर दिले. बिबटे पकडले, दूरच्या जंगलात नेऊन सोडले. बातम्या आल्या, गावे शांत झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या भागावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र निराळेच निघाले. बिबटे पकडल्या जागेपासून सरासरी सुमारे ४० किलोमीटरवर सोडले जात होते, आणि १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले त्यानंतर २००३ पर्यंत वर्षाला १७ वर गेले. 'पकडला' हे उत्तर खरे होते. 'कुठे सोडला?' हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही, आणि सोडल्याची नोंद लोकांसमोर नव्हती. इथे दोष एकट्या खात्याचा नाही, बातमीदारीचाही आहे. ज्या दिवशी पिंजऱ्यातल्या बिबट्याचा फोटो मिळाला, त्या दिवशी बातमी संपली असे आपण मानले. घबराट पसरली ती अर्धवट उत्तराने. पकडला कुठे, सोडला कुठे, किती दिवसांनी, याची यादी उघडी असती तर निदान तीन वर्षे कोणी अंधारात चाचपडले नसते.

नोंदीचा एवढा आग्रह का, असे अजूनही कोणाला वाटत असेल, तर पुण्याच्या नगरपालिकेची एक गोष्ट पुरे. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे तिथे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी खर्च करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी एकट्याने विरोध केला. जुलै १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्या वेळी सभागृहात हशा झाला असेल, कुजबुज झाली असेल, ते सारे गेले. पत्र मात्र राहिले, म्हणून आज आपण त्याविषयी बोलू शकतो. त्याच फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला या तालुक्यात, विशेषतः ओतूर परिसरात, खंदे कार्यकर्ते मिळाले होते. आणि लिहून ठेवण्याची सवय तर या भूमीला त्याहून जुनी आहे. जुन्नरच्या लेण्यांमधल्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची टाकी दिल्याची नोंद आहे. दाता कोण आणि दिले काय, हे दगडात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी. आपल्या काळातल्या पाण्याच्या टाकीची अशी पाटी शोधायला गेलात, तर उद्घाटकाचे नाव सापडेल, खर्च सापडेलच असे नाही.

नव्या सभागृहांना आता पूर्ण मुदत मिळाली आहे. त्यांनी फार थोडे करावे. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका टिपणीसह सभेआधी बाहेर लावावी, ऐनवेळी आलेल्या विषयासमोर तो का थांबू शकत नव्हता हे लिहावे, सभेत विचारलेले प्रश्न इतिवृत्तात उतरवावेत, आणि पत्रकाराला दिलेले प्रत्येक उत्तर त्याच दिवशी फलकावर तारीख, हुद्दा आणि फाईलच्या क्रमांकासह चिकटवावे, म्हणजे एकाला दिलेले सर्वांना मिळेल. बातमीदारांनीही 'संपर्क होऊ शकला नाही' असे लिहून बातमी मिटवू नये. प्रश्न लेखी पाठवला होता, तो कोणत्या तारखेला, एवढे तरी छापावे, आणि आठवड्याने तीच बातमी पुन्हा हाती घ्यावी. यात नवे काही मागितलेले नाही. यातले बरेचसे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच बसते. कलम ४ मध्ये सांगितलेली माहिती कार्यालयांनी आपणहून प्रसिद्ध करावी यासाठी त्या कायद्याने १२० दिवसांची मुदत दिली होती. ती ऑक्टोबर २००५ मध्ये संपली.